आते-मामे भावांची लढाई

राजापूरहून रत्नागिरीला इतिहासाच्या परीक्षेसाठी येताना मी एसटीत सॅक्स-कोबुर्ग घराण्याची वंशावळ पाठ करत होते. हे छोटंसं जर्मन ड्यूकांचं घराणं सोयरिकी करत युरोपातल्या कितीतरी राजवाड्यांत पोचलं. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काजूच्या चिकाने काळवंडलेलं बोट पानावर ठेवलं.

"ह्ये दोघं एकमेकांचे कोण गो बाय?"

"इंग्लंडचा राजा आणि जर्मनीचा बादशहा. आते-मामे भाऊ. पहिल्या महायुद्धात एकमेकांशी लढले."

"ते कुठं लढले? लढला माझा आजा! इंग्रजांच्या पलटणीतनं तिकडं इराकात बसऱ्याला गेला तो आलाच नाय. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून जाळला. तिथी ठाऊक नाय, म्हणून सर्वपित्रीला पान ठेवतो. ह्यांच्या भाऊबंदकीत आमचं काय होतं गो?"

पुढचे प्रवासी वळून बघू लागले. मला लाज वाटली, मी पुस्तक मिटलं.

परीक्षेत नेमका त्या घराण्याचा प्रश्न आला. मी सगळ्या सोयरिकी बरोबर लिहिल्या. त्यांच्या युद्धात मेलेल्या आपल्या माणसांबद्दल मात्र एक ओळही लिहिली नाही, मार्क जातील म्हणून. त्या गृहस्थांचा राग तेव्हा मला जरा जास्तच वाटला होता. आता तसाच राग मला येतो, आणि सगळ्यात आधी स्वतःचाच येतो.