वाचून कायम केलेलं इतिवृत्त

शहरातल्या ज्यू प्रतिनिधी मंडळाच्या बैठकांचं इतिवृत्त ताई एकोणीस वर्षं लिहीत होती. मंडळावरचे तेवीसही प्रतिनिधी तिला ताईच म्हणायचे. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले उपाध्यक्षसुद्धा. काम चोख. खोड एकच, आणि ती सगळ्यांच्या सोयीची होती. बैठक मंगळवारी असली की ताई सोमवारी दुपारीच इतिवृत्त टाइप करून मोकळी व्हायची. ठराव आधी आलेला असायचा, सूचक-अनुमोदक ठरलेले असायचे, आणि शेवटी 'सर्वानुमते संमत' हेही ठरलेलंच. बैठकीत ती फक्त गैरहजरांची नावं भरायची आणि चहा मागवायची.

तिचा थोरला भाऊ, दादा, चष्म्याचं दुकान चालवायचा आणि मंडळावर त्यांच्या छोट्या सिनेगॉगचा, म्हणजे प्रार्थनामंदिराचा, प्रतिनिधी होता. नवरा गेल्यापासून ताई त्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होती. दादाच्या तोंडाला कुलूप कसं ते नव्हतंच. गिऱ्हाइकाला आधी जगाचं राजकारण ऐकावं लागे, मग चष्म्याचा नंबर मिळे. मार्चच्या बैठकीत इस्राएल सरकारच्या युद्धाला सबंध समाजाच्या नावाने बिनशर्त पाठिंबा देण्याचा ठराव आला, तेव्हा तो उठला.

"आमच्या सिनेगॉगमधल्या निम्म्या लोकांना हे मान्य नाही," तो म्हणाला. "तिथे मुलं मरतायत. पाठिंबा द्यायचाच असेल तर तुमच्या नावाने द्या, आमच्या नको. माझा विरोध लिहून घ्या."

सात-आठ मिनिटं बोलला. कुणी खोकलं, कुणी घड्याळ पाहिलं, आणि ठराव संमत झाला. ताईने सोमवारचा कागद होता तसा सगळ्यांना पाठवून दिला.

पुढच्या बैठकीत तो 'वाचून कायम' झाला. वाचून म्हणायची आपली पद्धत. वाचत कुणीच नसे. दादानेही हात वर केला. ताईने लिहिलंय म्हटल्यावर त्यात काय बघायचं?

मे महिन्यात दादाने तेच म्हणणं पत्र लिहून वर्तमानपत्रात छापून आणलं आणि मंडळाचं पित्त खवळलं. बैठकीत विरोध नोंदवला असेल तरच प्रतिनिधीने ठरावाविरुद्ध बाहेर बोलायचं, असा नियम. सुनावणीची नोटीस आली तेव्हा दादा निर्धास्त होता.

"उभा राहून बोललोय मी. तुझ्या कागदात असणारच," तो भाजी चिरणाऱ्या बहिणीला म्हणाला.

ताईला सोमवारी टाइप केलेला कागद आठवला. सकाळी कचेरी उघडताच तिने फाइल काढली. कागदावर दादाचा एक शब्द नव्हता. ती तडक अध्यक्षांकडे गेली.

अध्यक्ष पेशाने वकील, बोलायला खडीसाखर. तिचं सगळं ऐकून घेतलं.

"चूक माझी आहे," ताई म्हणाली. "पण दादा बोलला होता. तुम्हीही ऐकलंत ना?"

"ऐकलं की. पण कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, ताई. त्यांनी स्वतः हात वर केलाय. आणि कर्मचाऱ्यांना सुनावणीत बोलता येत नाही. तुम्ही लिहायला या."

दादाला हे सांगायला तिच्याकडे चार दिवस होते. चारही दिवस तिने त्याला जेवायला वाढलं आणि सांगणं उद्यावर ढकललं.

सुनावणीला दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. "आपल्या धर्मग्रंथांत वादात हरलेल्या पंडिताचं मतसुद्धा नावानिशी लिहून ठेवलंय," तो म्हणाला. "लहानपणी वडिलांनी आम्हा दोघांना तेच शिकवलं. माझंही लिहिलेलं आहे. काढा कागद."

अध्यक्षांनी कागद पुढे केला. दादाने तो वाचला. चष्मा पुसला, परत वाचला.

"यांनी तुझ्यावर दबाव आणला का गं?" त्याने विचारलं.

ताई उभी राहिली. "नाही दादा. कुणी काही सांगितलं नव्हतं. मी बैठकीच्या आदल्या दिवशीच टाइप करून ठेवते."

"हे कामकाजात घेऊ नका," अध्यक्ष म्हणाले. ते कामकाज लिहून घेणारीही ताईच होती. दादाचं पाच वर्षांसाठी निलंबन झालं. कारण, मंडळासमोर असत्य विधान. चाळीस वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून खपलेला माणूस एका दुपारी खोटारडा ठरला.

दुकानापर्यंत दोघं चालत आली. कुलपाशी दादा थांबला.

"त्या दिवशी तू खोलीत होतीस ना?"

"होते."

"मग ऐकलं नाहीस?"

चहा मागवायला बाहेर गेले होते, असं म्हणता आलं असतं. त्याने विश्वासही ठेवला असता. पण आता तिच्याने खोटं बोलवेना.

"शब्दन् शब्द ऐकला. तू नेहमी बोलतच असतोस, दादा. त्यात लिहून घेण्यासारखं काही असेल, हे मनातच आलं नाही."

दादाने किल्ली फिरवली.

"अध्यक्षांनाही तसंच वाटलं असेल," तो म्हणाला, आणि आत जाऊन गिऱ्हाइकांच्या खुर्चीत तोंड फिरवून बसला. ताई पायरीवरच उभी राहिली. आत ये, असं तो म्हणाला नाही.