उत्तमनं अक्षत देऊन ऐकवलेला बँड

जालना जिल्ह्यात रॉक ऐकणारे आम्ही दोघंच होतो.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी उत्तम गेला. आता मी एकटा.

असतीलही आणखी कुणी परतूर-भोकरदनकडं. आम्हाला काही ते सापडले नाहीत.

उत्तमचं जाफराबादला मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकायची, नवी तार भरून न्यायची. मी अंबडच्या कोर्टात कारकून. भेट झाली नव्वदच्या दशकात, औरंगाबादच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला.

पुण्याची चार पोरं स्वतःची गाणी वाजवत होती आणि पब्लिक मागून ओरडत होतं, "हिंदी घ्या, हिंदी!"

स्टेजपुढं दोनच माणसं मान हलवत उभी. त्यातला एक मी.

"कुठले तुम्ही?" दुसऱ्यानं विचारलं.

"अंबड. तुम्ही?"

"जाफराबाद. म्हंजे आपल्याच जिल्ह्यातले की राव! मला वाटलं, हे येड मला एकट्यालाच लागलंय."

तेव्हा मोबाईल नाही, इंटरनेट नाही. कुणी नाव न ऐकलेला बँड टूरवर निघालाय आणि आपल्याकडं येतोय, हे कळणार कसं?

उत्तम काम शिकला औरंगाबादला, त्यामुळं तिथले साउंडवाले त्याच्या ओळखीचे. कुणी काय सामान बुक केलंय, ते तो त्यांना विचारत राहायचा. ऑर्केस्ट्रावाले ड्रमला एखाद-दुसरा माईक मागतात. कुणी त्याहून जास्त मागितले की हा ओळखायचा, ही आपली पोरं.

मग माझ्या घराशेजारच्या एसटीडीवर निरोप यायचा. "रविवारी निघ. पोरं येऊन राह्यलीत."

तो वरून यायचा, मी खालून. जालन्याच्या स्टँडवर भेटून पुढची एसटी धरायची.

काय काय ऐकलं आम्ही! त्यातले बरेच बँड पुढं कुठं गेले, देव जाणे. समोर मोजून टाळकी असायची, तरी पोरं जीव तोडून वाजवायची. उत्तम नंतर मागं जाऊन त्यांना भेटायचा आणि पहिला प्रश्न हाच, "जेवले का?"

त्याचं एकच दुःख होतं. त्याच्या गावात, त्याच्या घरात हे कुणालाच आवडत नव्हतं. वडील म्हणायचे, "बेअरिंग गेल्यावर असाच आवाज येतो."

एकदा नागपूरला निघालेल्या एका बँडचा मधला दिवस मोकळा होता. उत्तम बोलून बसला, "आमच्या गावी या."

आली की पोरं! उन्हाळ्यात गावातली कापसाची जिनिंग मिल बंद, आवार मोकळं. ऊन उतरल्यावर कार्यक्रम ठरला.

गाव यावं म्हणून या पठ्ठ्यानं घरोघर अक्षत दिली. लग्नाला देतात तशी, बराबर कुंकू लावून.

मी म्हणालो, "अरे, साधं कार्ड छापायचं."

"कार्ड दिलं तर एक माणूस येतो. अक्षत दिली की घर येतं."

घरं आली. पण अक्षत मिळाल्यावर रिकाम्या हातानं यायचं कसं? जो तो टॉवेल-टोपी घेऊन हजर. पहिलं गाणं संपलं आणि लोक लाईन लावून स्टेजवर. आहेर!

ड्रमरच्या डोक्यावर टोपीवर टोपी. गिटारवाला खांद्यावरचे टॉवेल सावरत पुढचं गाणं वाजवतोय. मी हसून हसून बेजार.

पण शेवटपर्यंत एक माणूस उठून गेला नाही. उत्तमचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

मग त्याचे मामा जवळ आले.

"पोरं मेहनती हायेत, उत्तमा. पण खरं सांगू? बिलकुल कळलं न्हाई."

"मंग थांबले कशाला?"

"अक्षत दिल्ती ना तू."

उत्तम हसला. मग मला स्टँडवर सोडायला आला. एसटी लागल्यावर म्हणाला, "सगळे माझ्यासाठी आल्ते रे. गाण्यासाठी एकपण न्हाई. घरातलं एक जरी माणूस असतं ना…"

पुढं मोबाईल आले. त्याला नवा बँड सापडला की संध्याकाळी घरून फोन यायचा. "ऐक." की फोन स्पीकरपाशी.

गाणं संपलं की, "कसंय?"

"भारी."

फोन बंद. तब्येत-बिब्येत विचारायची पद्धत नव्हती आमच्यात. विचारायला पाहिजे होती की नाही, माहीत नाही. हार्ट अटॅकनं तसाही वेळ दिला नाही.

या वर्षभरात मला कुणी "ऐक" म्हणालं नाही. चांगलं काही सापडलं की हात फोनकडं जातो. कानात इअरफोन घालून बसतो, गाणं संपतं, आणि "कसंय" विचारायला कुणी नसतं.

फार एकटं वाटतं. सरळच लिहितो.

आज वर्षश्राद्धाला जाफराबादला गेलो होतो. जेवणं उरकली, माणसं पांगली. उत्तमची बायको, आमच्या वहिनी, बाहेर येऊन बसल्या.

"भाऊजी, ते तुम्हाला फोनवर गाणे ऐकवायचे ना?"

"हो."

"मी आतून ऐकायचे. मिक्सर बंद करून."

मी विचारलं, "आवडायचं तुम्हाला?"

"लई. एखादं तर असं असायचं, हातातलं काम तसंच राह्यचं."

"मग त्याला कधी बोलला नाहीत?"

"सासू-सासरे घरात. बाईमाणसानं असलं काही आवडतं म्हणायची लाज वाटायची. ती दोघं गेल्यावर म्हणलं, आता सांगू. आज सांगू, उद्या सांगू…" त्यांनी पदर डोळ्याला लावला. "लई खूश झाले असते हो."

झाला असता. वेडा झाला असता.

परतीच्या एसटीत बसून हे लिहितोय. सांगायचं ज्याला आहे, तो तेवढा वाचणार नाही.

उत्तम, वहिनी ऐकत होत्या रे. तुझ्यासाठी नाही, गाण्यासाठी.

येतो मित्रा. मनापासून नमस्कार तुला.