जहाजाच्या भिंतीवरचे ठोके

मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही, हे आधीच सांगते. आमच्या सोनई गावात तिठ्यावर कुणी उतारा टाकला, तर त्यातला नारळ उचलून चटणी वाटणारी मी! त्यामुळे पुढचं वाचून 'म्हातारीचं डोकं फिरलंय' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... मीही स्वतःला तेच म्हणून पाहिलंय.

माझं आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, अक्कांचं, घर एका भिंतीला आहे. दोघीही एकट्या. वाटणी झाली तेव्हा मध्ये भिंत आली, पण आम्ही त्या भिंतीलाच बोलायला लावलं. लाटण्याचे दोन ठोके म्हणजे चहा टाकलाय. तीन, थांबून परत तीन – म्हणजे हातातलं टाकून ये. ऐकणारीनं एक ठोका द्यायचा. म्हणजे 'आले'. मोबाईल दोघींकडे आहेत, पण भिंतीसारखी रेंज कुणाला!

तर गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा संजय आणि सून स्वाती मला क्रूझवर घेऊन गेले. मुंबईहून. निघताना अक्का म्हणाल्या, "जा बाई. पान्यात पडू नको म्हंजे झालं. मला पवायला येत न्हाई, काडायला कोन येनार?"

पहिला दिवस इतका सुखाचा... काय सांगू! दुपारी जहाजात शिरलो. जेवायला पन्नास पदार्थ, भाकरी तेवढी नाही. मग वरच्या डेकवर लांब खुर्चीत पाय पसरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातात आयता चहा आणून दिला. जहाज सुटलं, मुंबई हळूहळू मागे सरकायला लागली. वाऱ्यानं डोळे जड झाले तशी स्वाती म्हणाली, "आई, खोलीत जरा आडव्या व्हा." तिनं पडदा ओढला. मी भिंतीला पाठ लावून पडले.

आणि ठोके आले.

ठक ठक ठक... थांबून... ठक ठक ठक.

मी अर्धवट झोपेत. सवयीनं हात मागे गेला, पण लाटणं कुठलं! हातातली काचेची बांगडीच भिंतीवर एकदा वाजवली. 'आले'. मग जागी झाले. म्हटलं, शेजारच्या खोलीत कुणीतरी असेल. तेवढ्यात परत तीन, परत तीन.

संजय आला तेव्हा विचारलं, "पलीकडे कोण राहतं रे?"

"कुठल्या पलीकडे?"

मी भिंत दाखवली. त्यानं हसत त्याच भिंतीवरचा पडदा सरकवला. काच... आणि काचेबाहेर नुसता समुद्र. ती जहाजाची बाहेरची बाजू होती!

मी म्हटलं, "अक्कांना फोन लाव."

"आई, इंजिनाचा आवाज असेल."

"इंजिन मोजून वाजतं का? लाव आधी! रेंज जाईल."

रेंजची एकच काडी उरली होती. अक्कांचा फोन नुसता वाजत राहिला. मग घरासमोरच्या मंदाला लावला. ती पळत गेली. फोन चालूच... आणि तिची किंकाळी. "काकू, अक्का मोरीत पडल्यात!" पुढचं ऐकायच्या आत काडी गेली.

संजयनं जहाजावरचं वायफाय घेतलं, पण निरोप यायला तास गेला. तो तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. अक्कांचा खुबा मोडला होता. हातात तांब्या होता, आणि आमच्या भिंतीचा गिलावा तेवढ्या जागी उडाला होता. मी गावात नाही, हेच त्या विसरल्या होत्या.

परतल्यावर थेट दवाखान्यात गेले. अक्का म्हणाल्या, "तू हुतीस म्हनून वाचले गं. डोळं मिटत हुतं. पर तू पलीकडनं ठोकलंस. म्हनलं, आली... आता झोपायचं न्हाई."

"अक्का, मी जहाजावर होते. घराला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये."

त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. मग म्हणाल्या, "तरीच. लाटनं न्हवतं ते. बांगडी वाजली. एकदाच."

बांगडीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. संजयलाही नाही.

उलगडा आजवर झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला झाला तर कळवा. अक्का आता काठीनं चालतात, चहाचे दोन ठोके रोज पडतात. फक्त उत्तर द्यायला मी लाटणं घेत नाही. बांगडीच वाजवते.