राक्षस, त्रिताल आणि परांजपे काकू

मी, नितीन आणि दिल्या भेटलो की चहा यायच्या आत जुने किस्से सुरू होतात. माझा नवरा तेवढ्यात पिशवी घेऊन भाजीला निघतो. त्याला सगळे पाठ आहेत. प्रत्येक वेळी नवीन एखादा तपशील निघतो आणि त्यावरून आमची भांडणं होतात, म्हणून हे किस्से संपत नाहीत. तर काही लिहूनच टाकते. भांडण झालं तर कागद दाखवता येईल.

आता पोरं जपानी कार्टूनचे तुकडे कापून गाण्यावर बसवतात आणि त्याला ॲनिमे म्युझिक व्हिडिओ म्हणतात. माझा भाचा मला ते समजावून सांगत होता. मी म्हटलं, "बाळा, आम्ही हे बोरिवलीत केलंय. तुझ्या आईचं लग्नही ठरलं नव्हतं तेव्हा."

*

नितीन सावंतचा मामा बोटीवर होता. त्याने हाँगकाँगहून एक कॅसेट आणली. लाल यंत्रमानवात बसून समुद्रातल्या राक्षसाशी लढणारी एक मुलगी, आणि अधूनमधून येऊन तिच्यावर ओरडणारा एक दाढीवाला म्हातारा. सगळं जपानीत.

नितीन वेडा झाला. म्हणाला, यातले तुकडे निवडून आपण गाण्यावर आपली गोष्ट रचायची. गाणं माझं, तबला दिल्याचा. पण गोष्ट रचायची तर म्हातारा कोण ते कळायला हवं. बाप की शत्रू? नितीन म्हणाला बाप. दिल्या म्हणाला शत्रू. शेवटी मतदान घेतलं, आणि माझ्या मताने तो बाप झाला.

दिल्या आजही म्हणतो, "तो शत्रूच होता यार. बाप इतकं ओरडतो का?"

त्यावर नितीन तेव्हाच म्हणाला होता, "तू आमच्या घरी एकदा जेवायला ये."

*

नितीनचे वडील, तात्या, मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले होते. त्यांनी ओळखीने नितीनसाठी एका पतपेढीत कारकुनाची जागा बघून ठेवली होती. नितीनला जायचं होतं अंधेरीला, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका स्टुडिओत. तात्यांच्या लेखी ते काम म्हणजे उनाडकी. गिरणी गेलेल्या माणसाला मुलासाठी पक्की नोकरी हवी होती, यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

बरेच दिवस घरात धुसफूस चालली. मग एकदा जेवताना तात्यांनी निकाल दिला. "गणपतीत दाखव तुझा ता कार्टून. लोका शेवटपर्यंत बसली तर जा अंधेरीक. मधीच उठली तर सोमवारपासून पतपेढी."

नितीनने लगेच हो म्हटलं. आमच्या कॉलनीतले लोक सेक्रेटरींच्या भाषणालासुद्धा बसत नाहीत, हे तो तेव्हा विसरला.

*

एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवायचं तर दोन मशिनं हवीत. एक व्हिडिओ लायब्ररीतून भाड्याने आणलं. दुसरं होतं पार्ल्याला, दिल्याच्या परांजपे काकूंकडे. क्रोशाच्या रुमालाखाली. त्यांची अट होती की मशीन घराबाहेर जाणार नाही. मग आम्हीच आमचं मशीन उशीच्या अभ्र्यात गुंडाळून पार्ल्याला नेलं.

काकू आधी दुपारी झोपायच्या. दोन दिवसांनी झोप बंद झाली आणि त्या खुर्ची ओढून आमच्या मागे बसायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "ही मुलगी सकाळपासून नुसती लढतेय. हिला कोणी जेवायला देतं की नाही?"

नितीन हसला नाही. त्याने सगळी कॅसेट पुढे-मागे केली, भात खात बसलेल्या मुलीचा एक तुकडा शोधला आणि दुसऱ्या अंतऱ्याआधी घातला. गोष्टीत जीव तिथे आला. काकूंनी त्या दिवशी आम्हाला थालीपीठ केलं.

*

कुठला तुकडा कुठे, हे ठरवायला नितीन घड्याळ घेऊन बसायचा. दिल्याला ते अजिबात पटेना. तो म्हणाला, "सेकंद मोजून गाणं बसवतात होय रे? मात्रा मोज." त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्रितालाचे चौकोन आखले. मुखड्याला समुद्र, पहिल्या अंतऱ्याला राक्षस, दुसऱ्याला लढाई, शेवटच्याला घर. आणि एक नियम: प्रत्येक ठोसा समेवर, म्हणजे सोळातल्या पहिल्या मात्रेवर.

दिसायला झकास दिसायचं. फक्त एक ठोसा खाऊन राक्षस बिचारा पुढच्या समेची वाट बघत उभा राहायचा.

काकू म्हणाल्या, "फार सभ्य आहे हो तुमचा राक्षस."

*

तेव्हाच्या मशिनवर मधलं काही बदलता येत नसे. पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने उतरवत जायचं. मध्ये चुकलं तर तिथून पुढचं सगळं पुन्हा. त्यात कोरी कॅसेट महाग म्हणून काकूंनी त्यांच्याकडची एक दिली होती, तिच्यावर त्यांच्या नातवाची मुंज होती. "दुसरी कॉपी आहे," म्हणाल्या.

लढाईच्या ऐन मध्यावर नितीनचं बोट रेकॉर्डच्या बटणावर जरा उशिरा पडलं आणि तेवढा तुकडा कोराच राहिला. कोरा म्हणजे मुंजीचा. राक्षस तोंड उघडतो, आणि आतून पळीपंचपात्र घेतलेला गोटा केलेला बटू!

नितीन डोकं धरून बसला. अर्धं काम पुन्हा करायचं आणि गणपती तोंडावर आलेले.

काकूंनी नीट निरखून पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "गोड दिसतोय."

बटू राहिला.

*

आता आवाज. गाणं टेपवर घ्यायला गेलो की त्यात मशिनची घरघर यायची. दिल्या म्हणाला, "कशाला पाहिजे टेप? टीव्हीचा आवाज बंद ठेवू. आपण बाजूला बसून वाजवू." आम्ही तालमीची एक कॅसेट लावून चित्र त्या लयीवर बसवलं होतंच. माझ्या घरी सगळं अचूक जुळत होतं. तिघांनाही आपण फार हुशार आहोत असं वाटलं, आणि खरं सांगते, होतोही.

*

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी मांडव भरला. टेबलावर टीव्ही, बाजूला मी आणि दिल्या, पहिल्या रांगेत हाताची घडी घालून तात्या. नितीन टीव्हीच्या मागे उभा होता.

सुरुवात सुरेख झाली. समुद्र आला, राक्षस आला. पहिला ठोसा बरोबर समेवर बसला आणि मागून शिट्टी आली. बटूला तर टाळ्याच पडल्या.

टाळ्या ऐकल्या की तबलजीचं काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. दिल्याच्या अंगात आलं. त्याने लय चढवली. मी डोळे वटारले, तर तो खूश होऊन आणखी चढवायला लागला. गाणं पुढे पळालं आणि चित्र आपल्या जागी राहिलं. समा गेल्या, ठोसे गेले. दणदणीत तिहाई घेऊन आम्ही संपलो तेव्हा पडद्यावर मुलगी नुकती किनाऱ्याला लागत होती. शेवटचा सबंध अंतरा शिल्लक होता. नितीनने सर्वांत जीव लावून जुळवलेला भाग तोच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि संपलं समजून उठायला लागले. खुर्च्या सरकल्या. मी मुखडा पुन्हा धरणार, तोवर सेक्रेटरींनी माइक काढून घेतला होता आणि ते आरतीची घोषणा करत होते. निरांजन लागलं. पडद्यावर ती मुलगी डोक्यावरचा टोप काढून, एकटीच, आवाजाशिवाय, लांबच्या वाटेने चालत होती. नितीनने टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

तेवढ्यात तात्याही उठले.

तात्यांनी नितीनचा हात बटणावरून बाजूला केला आणि मांडवाकडे वळले.

"आरती रवांदे जरा," ते पडद्यावरच्या मुलीकडे बोट करून म्हणाले. "बसा सगळी खाली. ता चेडू अजून घराक पोचूक नाय."