पांढऱ्या तबकडीवरचा तडा

शर्टाची एक बाही इस्त्री करून झाली होती, दुसरी चुरगळलेली तशीच टेबलावरून लोंबत होती, तेवढ्यात मागच्या खोलीतून नवऱ्याची हाक आली.

"अगं, ये लवकर! आधी हात पूस, मग ये!"

तिनं इस्त्रीची पिन काढली आणि पदराला हात पुसत निघाली. मागच्या खोलीतली विजेची भट्टी बंद असेल तेव्हाच इस्त्री लावायची, असा त्या घरात नियम होता. दोन्ही एकदम चालू झालं की फ्यूज उडायचा आणि मग घड्याळजी घर डोक्यावर घ्यायचे. आज सकाळीच भट्टी बंद झाली होती. म्हणजे आतली घड्याळाची तबकडी आता गार झाली असणार. "देवा, या वेळी तरी नीट निघू दे," असं पुटपुटत तिनं मागच्या खोलीचा पडदा सारला.

तिच्या नवऱ्याला गल्लीत सगळे घड्याळजीच म्हणत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली. मागं पडणारी, पुढं पळणारी, पाण्यात पडलेली, पोरांनी उघडून ठेवलेली. गिऱ्हाईक घड्याळ घेऊन गेलं की विषय संपला. पण त्यांच्या वडिलांचं एक खिशातलं घड्याळ होतं, झाकणाचं, साखळीचं. त्याची तबकडी सायीसारखी पांढरी, आकडे काळेभोर, काटे निळसर, आणि खाली सेकंदाची छोटीशी वेगळी तबकडी. ते घड्याळ हातात घेतलं की घड्याळजी जेवायचं विसरायचे. दुकान आवरतं घेतल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, की असंच एक घड्याळ आपण करायचं, पण मनगटावरचं. सगळं आपल्या हातचं. विकायला नाही, दुरुस्तीला आलेलं नाही. आपलं.

मग काय, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर चित्रं सुरू झाली. खिशातल्या घड्याळाची चावी डोक्यावर असते. मनगटावर ती तशी ठेवली तर फिरवताना बोटं अडतात आणि कुशीला आणली तर आतलं सगळं यंत्र वळतं, सेकंदाची तबकडी खालून उठून बाजूला जाऊन बसते. ती बाजूला गेलेली त्यांना सोसवेना. जेवताना ताटात बोटानं गोल काढून ते बायकोला समजावत. तिला त्यातलं निम्मं कळायचं, पण ती मान डोलवायची. आकार ठरवायला त्यांनी पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या आणि नाडीनं तिच्याच मनगटावर बांधल्या.

"कसं वाटतंय?"

"डब्याचं झाकण बांधल्यासारखं."

"मग ही बघ, लहान आहे."

"हे ठीक आहे. पण अहो, मी कणीक कशानं मळू?"

ते पुठ्ठ्याचं घड्याळ बांधूनच तिनं कितीतरी दिवस घरकाम केलं. भाजीवालीनंसुद्धा विचारलं, "ताई, हाताला लागलंय का?"

शेवटी सेकंदाची तबकडी खालीच राहील अशी चाकांची मांडणी त्यांना साधली. त्या दिवशी ते लहान मुलासारखे खोलीभर फिरले. यंत्र झालं, काटे झाले, डबी झाली. अडलं ते तबकडीपाशी. छापील तबकडी त्यांना नकोच होती. तांब्याच्या चकतीवर मीनाकामाची काचेची पांढरी पूड चाळायची, भट्टीत वितळवायची, गार करायची, परत पूड, परत भट्टी. शेवटी बारीक कुंचल्यानं आकडे काढायचे आणि पुन्हा एकदा भाजायचं. कुठल्याही टप्प्यावर ती दगा देई. कधी फोड यायचा, कधी कण चिकटायचा, कधी तडकायची. खराब तबकड्यांनी एक बरणी भरली होती.

आज मात्र घड्याळजी खुर्चीतून उठून उभे होते. हातात चिमटा, चिमट्यात तबकडी.

"बघ," ते म्हणाले. "झाली."

तिनं तबकडी तळहातावर घेतली आणि खिडकीशी गेली. पांढरं इतकं सुरेख, की तिच्या तोंडून नकळत "अगंबाई" निघालं. आकडे नेमके जागच्या जागी बसलेले. मग तिनं ती जरा तिरपी केली. सहाच्या आकड्यापासून कडेपर्यंत एक तडा गेला होता. केसाएवढा, पण काळा, स्पष्ट. तिला चष्म्याशिवायही दिसला.

तिनं वर पाहिलं. घड्याळजी तिच्याकडं बघत होते, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काय गं? बोल की."

यांना दिसला नाही. ज्या माणसाला दुसऱ्याच्या घड्याळातली धूळ दिसायची, त्याला स्वतःच्या तबकडीवरचा तडा दिसला नाही. हल्ली ते तिच्याशी बोलताना तिच्या कानाकडं बघतात, सुईत दोरा ओवून मागितला तर "तुझं तू ओव" म्हणून खेकसतात, हे सगळं एका क्षणात तिच्यापुढं उभं राहिलं. सांगावं, तर तबकडी गेली हे सांगायचं नव्हतंच, डोळे गेले हे सांगायचं होतं. तिची जीभ रेटेना.

"छान झालीय," ती म्हणाली.

तेवढ्यात बाहेरून चपलांचा आवाज आला. शेजारचा चष्मेवाला. घड्याळजींच्या दुकानाला लागूनच त्याचं दुकान होतं आणि इतकी वर्षं दोघांचं दिवसातून एकदा तरी भांडण झाल्याशिवाय जेवण पचत नसे.

"काय वहिनी, चहा राहिलाय की संपला? आणि काय हो घड्याळजी, दुपारी बारालाच उभे? काटे चिकटले काय?"

"इकडं ये. तुला काही अक्कल असेल तर बघ हे."

चष्मेवाल्यानं तबकडी हातात घेतली. नाकावरचा चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. तिनं घड्याळजींच्या पाठीमागून त्याच्याकडं डोळे वटारून मान हलवली. नको, बोलू नका. चष्मेवाल्यानं तिच्याकडं पाहिलं, तबकडीकडं पाहिलं.

"वा," तो म्हणाला. "फारच छान."

घड्याळजींनी खुर्ची ओढली आणि हळूच बसले.

"इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "तू माझ्या कामाला छान म्हटलेलं मला आठवत नाही. आणि ही आणि तू, तुमचं दोघांचं एका गोष्टीवर कधी जमलेलं मी पाहिलेलं नाही. चहात साखर किती यावरसुद्धा नाही." त्यांनी तबकडीसाठी हात पुढं केला. "कुठं आहे तडा?"

शेवटी तिनंच त्यांचं बोट धरलं आणि तबकडीवर टेकवलं.

"इथून. सहापासून कडेपर्यंत."

त्यांनी नख फिरवलं, हलक्या हातानं, पुन्हापुन्हा. नखालाही तो लागला नाही.

"नजरेच्या मधोमध डाग पडलाय गं," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "बाराकडं बघितलं की बारा गायब. दोनकडं बघितलं की बारा दिसतो. आकडे काढले ते हातानं काढले, हाताला पाठ आहेत म्हणून."

"डॉक्टरला दाखवू ना आपण. आजच जाऊ."

घड्याळजींनी चष्मेवाल्याकडं तोंड वळवलं. चष्मेवाला भिंतीकडं बघू लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"त्या दिवशी घड्याळाला पट्टे आणायला गेला होतात ना दोघं? सकाळी गेलेले, संध्याकाळी आलेले, आणि पट्टे काही आले नाहीत!"

"वहिनी, त्यांनीच शपथ घातली होती."

"तुम्ही गप्प बसा भावजी! चष्मे विकता आणि एवढं..." ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "काय म्हणाले डॉक्टर?"

"मधलं गेलंय ते येत नाही म्हणाले," चष्मेवाला म्हणाला. "कडेचं राहील. मी सगळ्या काचा लावून बघितल्या वहिनी, दुकानात होत्या नव्हत्या तेवढ्या. एक काच चालेना."

ती खाली स्टुलावर बसली. रागवायचं तरी कुणावर? नवरा तिच्यापासून लपवत होता, आणि ती आत्ता, घटकेपूर्वी, त्याच्यापासून तेच करत होती.

चष्मेवाला पुढं सरकला. "मी काय म्हणतो, असू दे की तडा. जुन्या घड्याळांना असतातच. उलट खरंखुरं वाटेल."

"जुन्याला पडतो तो वापरून पडतो," घड्याळजी म्हणाले. "नव्याला पडला तर तो कारागिराचा."

त्यांनी चिमट्यानं तबकडी उचलली आणि बरणीत सोडली. मग बराच वेळ ते बरणीचं झाकण चाचपत राहिले. झाकण त्यांच्या पुढ्यातच होतं. तिनं ते उचलून हातात द्यावं की नाही, हेही तिला ठरवता येईना. दिलं नाही. त्यांना ते सापडलं.

चहा झाला. चष्मेवाला नेहमीसारखा टोमणा न मारता गेला. ती देवापुढं जाऊन हात जोडून उभी राहिली, तर मागायचं काय तेच सुचेना. डोळे मागावेत, तर येणार नाहीत म्हणून सांगून झालेलं. तबकडी मागावी, तर देवाला एवढ्याशा चकतीसाठी काय वेठीला धरायचं? आणि दोन्ही नको म्हणावं, तर त्या माणसाकडं उरतं काय? शेवटी ती नुसतीच उभी राहिली आणि जोडलेले हात सोडले.

"अगं," मागून आवाज आला. घड्याळजी दारात उभे होते, भिंतीला हात लावून. "मी भाजतो. गार झाली की तू बघ. तडा असला तर आहे म्हणायचं, छान म्हणायचं नाही."

"आणि आकडे?"

त्यांनी तिच्या कानाकडं पाहिलं.

"हाताला आहेत अजून," ते म्हणाले. "थोडे दिवस तरी."

डाग वाढत जाणार, हे चष्मेवाल्यानं जाताजाता दारातच तिला हळू आवाजात सांगितलं होतं. किती दिवसांत, ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. तिनं मागच्या खोलीत जाऊन पुडीचा डबा हलवून पाहिला, तो रिकामा होता. तिनं चपला घातल्या, पिशवी घेतली आणि मीनाकामाच्या सामानाच्या दुकानात पांढरी पूड आणायला निघाली.