रिव्हॉल्वरमधलं कुंकू

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं आमच्या ठाण्यात जमा होतात. पावत्या मी लिहितो. अकोटकडचे एक संत्रा बागायतदार दर वेळी वडिलांचं जाडजूड रिव्हॉल्वर दुपट्ट्यात गुंडाळून आणतात आणि खुर्चीत बसता बसता म्हणतात, "थकलो सायेब. हे धूड देऊन हलकं पिस्तूल घेतो आता."

यंदा ते खरंच अकोल्याच्या बंदुकीच्या दुकानात जाऊन आले. दर गोळीला हातानं ओढायचा तो घोडा दुकानदाराच्यानं हलेना. दरसालच्या दसऱ्याच्या पूजेचं कुंकू आत तेलात बसून दगड झालं होतं.

"मग साफ करून घेतलं?" मी विचारलं.

"नाई. तळचं कुंकू माह्या बुढ्याच्या हातचं हाय."

पावतीवर मी लिहिलं, 'हत्यार चालू स्थितीत.'