मावशींच्या आंब्याची सावली

दुष्काळात हवेत धूळ असते आणि संध्याकाळचा उजेड हळदीसारखा पिवळा होतो. तो जलरंगात पकडायचा म्हणून मी निघाले. ऑफिसातली संगीता म्हणाली, "आमच्या आईकडं जा. तिथं डोळे भरून दुष्काळ हाय."

नांदेडहून सकाळची लातूरची एसटी, पुढे शिरूर अनंतपाळची गाडी, तिथून गावापर्यंत जीप. लातूरच्या स्टँडबाहेर निलंगा राईस खाऊनच घ्या, पुढे चहाशिवाय फारसं काही मिळत नाही. गाडीत नव्या जिल्ह्याची चर्चा रंगली होती.

"जिल्हा झाला की पाणी येतंय बघा."

"आधी पाटी येती, मग सायेब. पाणी शेवटी."

सगळे हसले, मीही हसले.

संगीताची आई, सुमनमावशी, "जयभीम" म्हणत दारात आल्या. टँकर आला तर आला, अशी गावाची गत. अंगणाबाहेर त्यांच्या मालकांनी लावलेला आंबा. मालक गेले, पण आंबा जगवायचाच, हा मावशींचा ध्यास. भांड्यांचं, हात धुतल्याचं सगळं पाणी त्याच्या बुडाशी जायचं.

मी आंब्याखालीच बसले, ऊन पाठीशी घेऊन. समोर उघडा माळ आणि त्यावर आंब्याची लांब सावली. पिवळ्यावर जांभळं! हात थांबेना. माळ रंगवून पाणी गढूळ झालं. आकाशाला स्वच्छ पाणी लागतं, म्हणून पुन्हा मागितलं.

मावशींनी गढूळ पाणी उचललं. "हे झाडाला घालू का?"

"नको, रंगात विष असतं."

त्यांनी ते रस्त्यावर ओतलं आणि आतून भरलेला तांब्या आणला. "घ्या. आज ह्या झाडाचा वाटा तुमच्या आभाळाला." मी चक्क हसले. त्याची अजून लाज वाटते.

चित्र पाहून मावशी म्हणाल्या, "झाड न्हाई काढलं?"

"चौकटीत बसत नव्हतं, मावशी. सावली घेतलीय की."

"हाव," एवढाच होकार त्यांनी दिला.

नांदेडला ज्याने त्याने त्या आकाशाचं कौतुक केलं. मग एक दिवस मावशींचा फोन आला.

"आंबा वाळला, ताई. तुमच्याकडं सावली हाय न्हवं? ती तरी द्या धाडून."

एका तांब्यानं झाड मरत नाही, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. तुम्ही जाणार असाल तर पाण्याचा कॅन सोबत न्या.

चित्र पाठवलं. सोबत आंबाही काढून द्यावा म्हणून कागद घेतला. पण ती अख्खी संध्याकाळ मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. फांद्या कुठून फुटल्या होत्या, तेही आठवत नाही.